शहाजीराजांचे नगर कुणाला नको आहे?

जिल्ह्याचे नाव बदलल्यापासून नगरच्या जुन्या वास्तूंविषयी एक युक्तिवाद चहाच्या टपरीपासून व्याख्यानाच्या मंडपापर्यंत सारख्याच ठसक्यात ऐकू येतो. निजामशाही ही परकी राजवट होती, तिच्या कबरी, मशिदी आणि महाल म्हणजे गुलामीच्या खुणा, असे त्याचे सार. त्या पाडा असे कुणी उघड म्हणत नाही. पडत असतील तर पडू द्या, एवढेच म्हणतात. पैसा खर्च करायचाच तर आपल्या गडांवर करा, आपल्या देवळांवर करा. आता जिल्हाच अहिल्यादेवींच्या नावाचा झाला, मग हा सलाबतखान कोण आणि अहमद निजामशहा कोण?

याला सर्वधर्मसमभावाची हाक देऊन उत्तर देण्याची रीत आहे. तिचा उपयोग होत नाही. समोरचा मान डोलावतो, मत जागच्या जागी राहते. म्हणून ती वाट सोडतो आणि ज्या इतिहासाचा अभिमान या मंडळींना आहे, त्याच इतिहासात उभे राहून विचारतो : निजामशाही वजा केली तर भोसल्यांच्या पहिल्या दोन पिढ्या ठेवणार कुठे?

मालोजीराजे निजामशाहीचे सरदार. मूल व्हावे म्हणून त्यांनी नगरच्या शाह शरीफ दर्ग्याला नवस केला आणि मुलगे झाले तेव्हा त्यांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही परंपरा बखरींपासून शाळेच्या पुस्तकांपर्यंत सगळीकडे आहे. तो दर्गा आजही नगरजवळ दर्गादायरा येथे आहे. शिवाजी महाराजांच्या वडिलांचे आणि चुलत्याचे नाव ज्या पिराशी जोडले आहे त्याचे ठाणे आपल्या जिल्ह्यात आहे. ही खूण गुलामीची की भोसले घराण्याची, हे आधी ठरवा आणि मग मला सांगा.

दर्ग्याची गोष्ट नवसाची, श्रद्धेची, म्हणून कुणी बाजूला सारील. तर मग भातोडीला चला. १६२४ मध्ये इथे निजामशाहीचा सेनापती मलिक अंबर याने मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्र फौजांचा पराभव केला. अंबर जन्माने हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला, आणि मोगलांना दख्खनमध्ये पाय रोवू न देण्यात त्याची हयात गेली. त्याच्या फौजेत शहाजीराजे होते, शरीफजी होते. भातोडीच्या तलावाचा बांध फोडून अंबराने शत्रूच्या छावणीभोवती चिखल केला, तिची रसद तोडली, आणि मग रात्री-अपरात्री छापे घालून ती खिळखिळी केली, असे या लढाईचे वर्णन येते. गनिमी काव्याचा पहिला मोठा धडा शहाजीराजांनी इथे घेतला असे म्हणणारे इतिहासकार पुष्कळ आहेत. शरीफजी याच लढाईत पडले. त्यांची समाधी भातोडीला आहे.

आता तो तलाव कुणाचा? जुन्या गॅझेटियरमध्ये तो सलाबतखानाच्या नावावर आहे. मूर्तजा निजामशहाचा हाच तो मंत्री, ज्याची कबर शहाडोंगरावर आहे आणि जिला सारे नगर चांदबिबीचा महाल म्हणते. म्हणजे सलाबतखानाने बांधलेला तलाव, त्याच्या आधाराने अंबराने जिंकलेली लढाई आणि त्या लढाईत पडलेला भोसल्यांचा मुलगा. या तिन्हींत एकाच मुलखाची चाळीसेक वर्षे आहेत. यातली समाधी आपली म्हणून ठेवायची आणि कबर परक्याची म्हणून ढासळू द्यायची, हे ज्याला जमते त्याला इतिहास नको आहे, यादी हवी आहे.

पेमगिरीचेही तसेच. संगमनेर तालुक्यातल्या या किल्ल्यावर १६३३ मध्ये शहाजीराजांनी निजामशाही वंशातल्या एका लहान मुलाला गादीवर बसवले आणि त्याच्या नावाने तीन वर्षे राज्यकारभार केला. दौलताबाद पडले होते, खरी निजामशाही संपली होती. तरी मोगलांशी, आणि शेवटी आदिलशाहीशीही, झुंजत त्यांनी तो डाव चालवला आणि १६३६ मध्ये माहुली किल्ल्यावर शरण जावे लागेपर्यंत सोडला नाही. शहाजीराजांना निजामशाही परकी वाटत असती तर तिच्यासाठी ही तीन वर्षे त्यांनी का वेचली असती? यात त्यांचा स्वार्थ होता, महत्त्वाकांक्षा होती, हे मला मान्य आहे. पण स्वतःच्या महत्त्वाकांक्षेला त्यांनी झेंडा कुणाचा घेतला, हे पाहा.

बरे, 'परकी' तरी कशी? फेरिश्ता हा इतिहासकार स्वतः नगरच्या दरबारात होता. या घराण्याचा मूळ पुरुष पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या घरातला ब्राह्मण मुलगा, बहमनींच्या कैदेत गेला आणि मुसलमान झाला, असे तो लिहितो. १५१८ मध्ये बुऱ्हाण निजामशहाने पाथरी इमादशाहीकडून हिसकावून घेतली. त्यामागे वाडवडिलांच्या गावाची ओढ होती असे फेरिश्ता सांगतो. राजघराण्यांच्या वंशावळ्या सोयीने लिहिल्या जातात, म्हणून या कथेवर मी सगळा भार टाकत नाही. दुसरा पुरावा अधिक पक्का आहे. 'नृसिंहप्रसाद' हा धर्मशास्त्रावरचा मोठा संस्कृत ग्रंथ दलपतिराजाने निजामशाहीत मोठ्या हुद्द्यावर असताना लिहिला आणि ते त्याने ग्रंथातच नमूद केले. श्राद्ध, व्रते, प्रायश्चित्ते यांचे नियम सांगणारा पंडित ज्या दरबारात अधिकारी होता, त्या दरबाराला आज आपण दारूबंदीच्या फलकासारखे लांबून पाहतो. हुसेन निजामशहाच्या स्तुतीचे सचित्र फारसी काव्य 'तारीफ-इ-हुसेनशाही' पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने जपले आहे. मंडळाच्या जुन्या पिढीला ते परक्याचे म्हणून रद्दीत काढावेसे वाटले नाही. त्यांच्या राष्ट्राभिमानाविषयी कुणी शंका घ्यायचे कारण नाही.

'आपल्या गडांवर खर्च करा' हे वाक्य तर ऐकायला इतके रास्त वाटते की त्यातली गफलत लक्षात येत नाही. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतले. आनंदाचीच गोष्ट. त्या बारांमध्ये शिवनेरी आहे. नगर वसवण्याआधी मलिक अहमदचे, म्हणजे पुढच्या अहमद निजामशहाचे, ठाणे जुन्नरला होते आणि शिवनेरी त्याने घेतलेल्या पहिल्या किल्ल्यांपैकी एक. पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे तो निजामशाहीकडे राहिला आणि महाराजांचा जन्म झाला तोही याच काळात, निजामशाहीच्या किल्ल्यावर. बारांतला लोहगडही निजामशाहीतून आलेला. किल्ले एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जात आले. बुरुजाला जात नसते.

नगरचा भुईकोट किल्ला याचा सर्वांत स्वच्छ दाखला. हुसेन निजामशहाने तो दगडात बांधला. १७५९ मध्ये पेशव्यांनी किल्लेदार कवी जंगाला वश करून तो घेतला, म्हणजे लढाई न करता. नाना फडणवीस इथे कैदेत होते. १२ ऑगस्ट १८०३ रोजी वेलस्लीने तो शिंद्यांकडून जिंकला, आणि १९४२ मध्ये इंग्रजांनी नेहरू, पटेल, आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव अशा बारा नेत्यांना इथे डांबले. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' आणि आझादांचे 'गुबार-ए-खातिर' ही दोन्ही पुस्तके याच भिंतींआड लिहिली गेली. यातला कोणता थर गुलामीचा म्हणून खरवडणार? आणि खरवडल्यावर नेहरू-पटेलांच्या खोल्या कशावर उभ्या राहणार?

माझ्या बाजूच्या लोकांना जे बोलायला जड जाते ते आता बोलतो. निजामशाही काही सुवर्णयुग नव्हते. १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत विजयनगरच्या रामरायाचे शिर हुसेन निजामशहाने उडवले आणि त्यानंतर विजयनगर लुटून उद्ध्वस्त झाले. रामरायाला पकडणारा गुलाम अली नावाचा हत्ती बागरोजात, म्हणजे अहमद निजामशहाच्या कबरीच्या आवारात, पुरला असे सांगतात. तसे बांधकाम तिथे दाखवतात. १६२९ मध्ये लखुजी जाधवरावांना, जिजाऊंच्या वडिलांना, दौलताबादच्या दरबारात बोलावून मुलांसह कापले. हे निजामशाहीनेच केले. त्याला सबब नाही.

पण हीच गोष्ट पुरती सांगायची तर तालिकोटच्या आधीची काही वर्षेही सांगावी लागतात. तेव्हा हाच रामराया अली आदिलशहाच्या बाजूने नगरवर चालून आला होता, तोही दोनदा. मातीचा कोट जाऊन दगडी किल्ला झाला तो त्या धसक्याने. मग हुसेनने मुलगी चांदबिबी त्याच अली आदिलशहाला दिली आणि सोयरिकीतून रामरायाविरुद्ध आघाडी केली. सोळाव्या शतकातले राजे आपल्या आजच्या मतदारयाद्या पाहून बाजू घेत नव्हते. लखुजींच्या खुनानंतर शहाजीराजे निजामशाही सोडून मोगलांकडे गेले आणि काही वर्षांत परत येऊन पेमगिरीवर तिलाच उभी करू लागले. ज्याच्या सासऱ्याला मारले त्याला जे समजले, ते चारशे वर्षांनी मंडपात बसून आपल्याला समजू नये?

औरंगजेबाचे नाव यायचेच. तो १७०७ मध्ये भिंगारच्या छावणीत मेला, पुरला खुलताबादला. भिंगारला आलमगीर दर्गा नावाची जागा राहिली. पंचवीस वर्षे दख्खनमध्ये घालवून, मराठे न संपवता, दिल्ली पुन्हा न पाहता तो इथे संपला. तेव्हा शाहू महाराज त्याच छावणीत कैदेत होते. ही जागा नीट दाखवली तर ती कुणाच्या पराभवाची साक्ष देते? ती पुसली तर मराठ्यांच्या सत्तावीस वर्षांच्या झुंजीचा शेवट दाखवायला जागा उरत नाही. मोगलांचे उदात्तीकरण व्हायला नको, हे म्हणणे मला मान्य आहे. त्याला उपाय खरा मजकूर असलेला फलक हा आहे.

आता चार शब्द आमच्या नगरप्रेमींसाठीही, कारण विरोधकांना दारूगोळा तेच पुरवतात. ताजमहालाची प्रेरणा म्हणे नगरचा फराहबाग महाल. याला पुरावा कुणी दाखवलेला नाही. किल्ल्यापासून शहाडोंगरापर्यंत म्हणे भुयार. महाराष्ट्रात भुयार नसलेला किल्ला मला कुणी दाखवावा. आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे सलाबतखानाच्या कबरीला चांदबिबीचे नाव. चांदबिबीने १५९५-९६ मध्ये मोगल वेढ्यात हा किल्ला लढवला आणि १६०० मध्ये आपल्याच सैनिकांनी तिला ठार केले. तिचा पराक्रम सांगायला किल्ल्याचा तट पुरेसा आहे. पण शहाडोंगरावरच्या त्या अष्टकोनी, तीन मजली, नक्षीचा सोस न केलेल्या इमारतीत ज्याची कबर आहे, त्या माणसाला शहराने पार विसरावे याचे मला नवल वाटते. राजे येतात, एकमेकांना मारतात. सलाबतखान पाणी आणत होता.

निजामशाहीचे खरे वैभव मला या पाण्यात दिसते. कापूरवाडी, वडगाव, शेंडी, नेप्ती, भिंगार अशा आजूबाजूच्या गावांच्या उंचावरून खापरी नळांनी शहरात पाणी येई. उतार नेमका राखून नळ जमिनीखालून नेलेले, वाटेत हवा आणि गाळ यांच्यासाठी उसासे बांधलेले, शेवटी मोहल्ल्यांतले हौद आणि बागांतली कारंजी. उपसण्याचा खर्च नाही. अवर्षणाच्या पट्ट्यातले हे शहर अशा नळांवर पिढ्यानपिढ्या जगले. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्याने या नळांना परक्यांच्या खुणा म्हणावे, हे मला तरी कळत नाही. या नळांचा पूर्ण नकाशा शाळेच्या पोरांना पाठ असायला हवा. त्याऐवजी उसासे कचरा टाकायला वापरतात, पाया खणताना नळ लागला तर तो बुजवून वर कॉलम उभा करतात.

'आपल्या देवळांवर खर्च करा' म्हणणाऱ्यांना श्रीगोंदा तालुक्यातल्या पेडगावला न्यायला हवे. भीमेकाठचा हा बहादूरगड, आता धर्मवीरगड. १६८९ मध्ये संभाजी महाराजांना कैद करून औरंगजेबापुढे आणले, विटंबना केली, ती इथे. गडाला नाव मोगल सुभेदार बहादूरखानाचे होते. त्याच कोटाच्या आत लक्ष्मीनारायण, बाळेश्वर, मल्लिकार्जुन, रामेश्वर अशी यादवांच्या काळातली कोरीव देवळे आहेत. आपले देऊळ आणि त्यांचा तट असा हिशेब इथे कोण करणार? तट ढासळला तर देवळाचे आवार उघडे पडते. शिवाय ही देवळे तरी कुठे सुस्थितीत आहेत? त्यांच्याकडे लक्ष द्यायला निजामशाहीच्या कुठल्या कबरीने आडकाठी केली होती? आपल्याकडे दुर्लक्ष करताना आपण कधी धर्म पाहिला नाही. तो मोठेपणा आपल्यात नक्कीच आहे.

एक तक्रार मात्र खरी आहे आणि तिला उत्तर नुसत्या इतिहासाने देता येत नाही. संरक्षित वास्तूच्या शंभर मीटरांत बांधकामाला बंदी आणि पुढच्या दोनशे मीटरांत परवानगीची सक्ती, हे २०१० च्या दुरुस्तीने १९५८ च्या कायद्यात आले. जुन्या शहरात ज्याचे घर मशिदीला लागून आहे, त्याला गळकी खोली बांधून घ्यायला कागद फिरवावे लागतात, आणि त्याला त्या वास्तूविषयी प्रेम वाटत नाही. मी त्याला दोष देणार नाही. मात्र त्याच कायद्यात १९९२ पूर्वीच्या घरांच्या दुरुस्तीला परवानगी मिळण्याची सोय आहे, आणि प्रत्येक वास्तूसाठी तिथल्या परिसराला साजेसे उपविधी बनवावेत असेही सांगितले आहे. ते बनवून घेण्यासाठी नगरसेवक, आमदार, खासदार यांच्या मागे लागणे हा त्या घरमालकाचा खरा मार्ग. वास्तू पडेपर्यंत वाट पाहणे हा नव्हे. दगड पडतील, त्याचे घर गळकेच राहील.

पैशाचे कारणही फसवे आहे. दमडी मशिदीचे कोरीवकाम किंवा बागरोजाची कबर वाचवायला पहिल्या वर्षी जे लागते ते असे : भिंतीत रुजलेली पिंपळाची रोपे मुळासकट काढणे, छताचा उतार मोकळा करून पाणी वाहते ठेवणे, सांधे चुन्याने भरणे, रात्री एक पहारेकरी. याला कोट्यवधी लागत नाहीत. कोट्यवधी लागतात ते फरशा, रोषणाई, स्वागतकमान आणि उद्घाटनाच्या कोनशिलेला. उत्साहाच्या भरात कुणी सिमेंटचा गिलावा केला तर नुकसानच होते. चुन्याच्या जुन्या भिंतीतली ओल बाहेर पडू शकत नाही, आतल्या आत क्षार साचतात आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. देवळांना ऑइलपेंट फासणाऱ्यांनाही हेच सांगणे आहे. जतन या कामात हौशी भक्ती आणि हौशी द्वेष, दोन्ही सारखेच महाग पडतात.

राहता राहिल्या अहिल्यादेवी. त्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या, जन्म १७२५ चा. मे २०२३ मध्ये चौंडीतच नामांतराची घोषणा झाली, २०२४ मध्ये त्यावर मोहोर उठली. नामांतराला माझा विरोध नाही. आपल्या जिल्ह्यात जन्मलेल्या एवढ्या मोठ्या स्त्रीचे नाव जिल्ह्याला मिळाले यात वावगे काय? पण त्या नावाच्या आडून जे बोलले जाते त्याचा अहिल्यादेवींच्या कामाशी मेळ बसत नाही. त्यांनी घाट बांधले, विहिरी खोदल्या, काशी, सोमनाथ, गया इथे मंदिरे उभारली. काशीला १७८० मध्ये आणि पुढे सोमनाथलाही त्यांनी मंदिर बांधले ते मूळ जागेशेजारी, नव्या जागेवर. होते ते पाडण्यात त्यांनी शक्ती घालवली नाही. पदरचा पैसा खर्चून दुसऱ्याच्या राज्यातल्या वास्तू सांभाळणाऱ्या बाईचे नाव घेणाऱ्या जिल्ह्याला आपल्याच वेशीतल्या वास्तू जड झाल्या आहेत. पाणवठ्यांची एवढी काळजी वाहणाऱ्या अहिल्यादेवींना सलाबतखानाचा तलाव परका वाटला असता, असे म्हणायला या मंडळींजवळ कोणता आधार आहे?

माझी मागणी फार मोठी नाही. जिल्हा परिषद आणि महापालिका यांनी पुरातत्त्व खात्याला बरोबर घेऊन तीन ठिकाणी मराठीत मोठे, वाचता येतील असे फलक लावावेत. शहाडोंगरावर लिहावे की ही सलाबतखानाची कबर आहे आणि भातोडीचा तलाव त्याच्या नावावर आहे. भातोडीला शरीफजीराजांच्या समाधीपाशी लिहावे की १६२४ ची लढाई या तलावाच्या बांधावर फिरली. आणि पेमगिरीवर लिहावे की शहाजीराजांनी इथे कुणाला गादीवर बसवले. ज्यांना निजामशाही परकी वाटते त्यांनी या फलकांतला कोणता शब्द खोटा आहे ते दाखवून द्यावे. दाखवता येत नसेल तर फलक लावण्याच्या कामाला त्यांनीही हातभार लावावा.